सत्तावीस नंबरचा आवाज

“तो सत्तावीस नंबर काढून टाक,” ज्ञानेश सर म्हणाले आणि त्यांनी खारी चहात बुडवली. बुडवलेला तुकडा गळून पडायच्या आत तोंडात टाकायचा असतो, तेव्हा त्यांचं सगळं लक्ष तिकडेच होतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी हेडफोन कानांवरून गळ्यात ओढला. “का सर?” “अगं, का म्हणजे काय? आवाज सदोष आहे. तो एकटा आपल्या चाचणीची सगळी सरासरी खाली ओढतोय. गुरुवारी जिल्ह्याचे अधिकारी येणार. त्यांच्यापुढे हा आकडा ठेवायचा का आपण?” खारीचा दुसरा तुकडा. पलीकडच्या शेडमध्ये कुणाचं तरी प्रेस मशीन धाडधाड करत होतं, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर ते चालूच असतं, एरवी माझ्या लक्षातही येत नाही. त्या दिवशी प्रत्येक ठोका कानशिलात बसत होता. सत्तावीस नंबर म्हणजे माझी आई. सरांना ते ठाऊक नव्हतं, ठाऊक असायचं काही कारणही नव्हतं. ध्वनिमुद्रणावर आम्ही नावं घालत नाही. नंबर, पुढे स्त्री की पुरुष, पुढे अंदाजे वय. सत्तावीस, स्त्री, साठ. आणि आता त्यापुढे सदोष. म्हणे सदोष! अहो, सदोष तुमचा तो चहा, ज्यात साखर टाकायचं रिसेप्शनवरची शुभांगी रोज विसरते आणि तुम्ही रोज गोड मानून पिता. माणसाच्या आवाजाला सदोष म्हणायला तुमची जीभ तरी कशी उचलते? पण हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, “बघते.”

बघते म्हणाले खरी, पण बघण्यासारखं काय होतं त्यात? मी पुन्हा हेडफोन लावला आणि सत्तावीस नंबर लावला. आधी मूळ आवाज. आई पालकाच्या वाफ्यात निघालेल्या धामणीची गोष्ट सांगत होती. तिला वाचता येत नाही, म्हणून छापील वाक्यांचा कागद बाजूला ठेवून मी तिला म्हटलं होतं, काहीही बोल. मग काय! “मी खुरपं टाकलं न् पळाले, न् तुझा बाप म्हनतो, अगं धामण हाय, काय करत नाय. मी म्हनलं, तुमास्नी काय करत नसंल, तुमचं रगत कडू हाय.” हा आवाज खरखरीत, जाड, मधेच तुटणारा, शेवटी शेवटी नुसता श्वास उरणारा. तिचा आवाज बसलाय असं लोक म्हणतात. मला कळतं तेव्हापासून तो बसलेलाच आहे. मखमलाबादच्या आमच्या मळ्यातली भाजी डोक्यावरून गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, न्यायची, बुधवारच्या बाजारात शेकडो बायकांच्या ओरडण्यात आपलं ओरडणं वर काढायचं, हे पंचवीस-तीस वर्षं केलं की गळ्याचं काय होतं ते सिव्हिलमधल्या डॉक्टरने एकदा तिला समजावून सांगितलं होतं. स्वरयंत्रावर गाठी आहेत, महिनाभर बोलणं बंद ठेवा. आई त्याच्या तोंडावर हसली होती. “बोलनं बंद ठिवलं तर मेथी काय आपली आपण इकली जाईल का डाक्टर?” त्याच गळ्याने तिने माझ्या इंजिनिअरिंगची वर्षं काढली. त्याच आवाजात तिने मला शिव्या घातल्या, दृष्ट काढली, वडील गेले तेव्हा त्याच आवाजात ती रडली आणि गल्लीतल्या बायकांना आधी वाटलं की कोणी तरी खोकतंय.

मग मी दुसरं बटण दाबलं. आमच्या यंत्रातून जाऊन परत आलेला सत्तावीस नंबर. गॅसच्या शेगडीचा कॉक उघडा राहिल्यासारखी फुसफुस, मधेच भुंग्यासारखं गूं, पुन्हा फुसफुस. धामण नाही, खुरपं नाही, बाप नाही. एक शब्द म्हणून नाही. मी हे याआधीही ऐकलं होतं, पण काढून टाक म्हटल्यावर ते निराळंच वाटलं. कुणीतरी तिच्या तोंडावर उशी दाबून धरली आहे आणि आपण बाजूला बसून त्याचे गुण लिहितोय, असं काहीतरी.

हे यंत्र म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर माझा राग कुणाला कळणार नाही. घरच्या साध्या टेलिफोनवर आपण बोलतो तेव्हा एक्स्चेंजमधून सेकंदाला चौसष्ट हजार बिट पुढे जातात, म्हणजे शून्य नाहीतर एक असे चौसष्ट हजार आकडे. आम्ही जी वायरलेस पेटी बनवत होतो तिच्या वाट्याला आले होते बाराशे. इगतपुरीच्या पलीकडे घाटातल्या ज्या वाड्या आहेत, पावसाळ्यात खांब आडवे झाले की ज्यांचा फोन आठवडा आठवडा मुका असतो, तिथे प्रत्येक वाडीत एक पेटी ठेवायची अशी योजना होती. कुणाला साप चावला, कुणी बाळंतपणात अडली, तर पेटीचं बटण दाबायचं आणि तालुक्याला सांगायचं. पंच्याण्णव सालानंतर सगळीकडे मोबाइल मोबाइल सुरू झालं होतं, पण ते कॉलेज रोडवरच्या लोकांच्या कमरेला. घाटात त्याचा काय उपयोग? म्हणून ही पेटी. कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. दोन वर्षं मी त्यासाठी जेवणखाण विसरले होते. तर बाराशेत माणसाचा आवाज मावत नाही. कुणाचाच मावत नाही, पंतप्रधानांचाही नाही. म्हणून आवाज पाठवायचाच नाही. भाजी न पाठवता भाजीची कृती पाठवायची आणि पलीकडच्याने ती पुन्हा रांधायची, तसं. बोलण्याचे बारीक बारीक तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकड्याबद्दल पलीकडे एवढंच सांगायचं की तोंडाचा आकार कसा होता, पट्टी काय होती, जोर किती होता. तोंडाचा आकारसुद्धा सगळा सांगायचा नाही. यंत्राच्या पोटात तोंडाच्या हजारभर आकारांचे नमुने आधीच भरून ठेवलेले असतात. आपलं तोंड ज्याच्या सर्वांत जवळचं, त्याचा नुसता क्रमांक पाठवायचा. आणि एक प्रश्न. प्रत्येक तुकड्याला यंत्र विचारतं, हा कंठातला आवाज आहे की नुसती हवा? हो किंवा नाही. मधलं काही नाही. मधलं ठेवायला जागाच नाही.

तर ती हजार तोंडं कुणाची? आमची! कंपनीतली! दुपारच्या चहानंतर कॉन्फरन्सच्या खोलीत पडदे ओढून, पंखा बंद करून, एकेकाने बसायचं आणि शालेय पुस्तकातली वाक्यं वाचायची. ज्ञानेश सर, त्यांचे भागीदार, अकाउंट्समधले सगळे, शुभांगी, जिचा आवाज आकाशवाणीत शोभेल असा, सरांची बायको, आणि मी. सगळे कसे स्वच्छ, दात घासून आल्यासारखे बोलणारे. ह्यांच्या तोंडांवरून यंत्र शिकलं की मराठी माणूस असा बोलतो. आणि पुढची गंमत ऐका. मग ऐकण्याची चाचणी. त्याच माणसांनी, तीच वाक्यं, यंत्रातून ऐकायची आणि काय ऐकू आलं ते सांगायचं. ‘नदीच्या काठी उंच वडाचे झाड होते.’ महिनोन् महिने रोज तेच वडाचे झाड! ‘नदी’ ऐकू आलं नाही तरी झाड येणार हे आमच्या शिपायालासुद्धा माहीत होतं. आम्ही ऐकत नव्हतोच, पाठ म्हणत होतो. आणि वर शेकडा पंच्याण्णव कळलं म्हणून एकमेकांची पाठ थोपटत होतो. ही चूक कुणाच्या मनातली खोट नव्हती, हे मला मान्य आहे. घरच्याच लोकांनी स्वयंपाक करायचा आणि घरच्याच लोकांनी छान झालाय म्हणायचं, अशी आमची रीत होती. पण ती मोडायला नको?

ती मोडावी म्हणूनच मी एका रविवारी कंपनीचा रेकॉर्डर घरी नेला होता. आमच्या गल्लीतल्या, आई धरून, सात म्हाताऱ्या ओट्यावर बसवल्या. कुणाला दात नाहीत, कुणाला दमा, कुणी मिसरी लावून तोंड भरून बोलणारी. पुतळाबाई तर माईक बघून आधी पदर डोक्यावरून घेऊन नमस्कारच करत सुटली. सगळ्या मनापासून बोलल्या. बाकीच्या सहा जणी यंत्रातून कशाबशा काठावर पास झाल्या, अर्धं कळायचं, अर्धं नाही. आई साफ नापास. मी सरांना म्हटलं होतं, हे आवाज यंत्राला शिकवायला हवेत, गावोगाव फिरून असे शंभर आवाज आणते, दोन महिने द्या. “दोन महिने?” सर म्हणाले होते, “अगं, असे आवाज हजारात एखादा.” “आमच्या गल्लीत सातांत एक निघाला, सर.” “तुमच्या गल्लीची गोष्ट वेगळी आहे,” ते म्हणाले, आणि किती सहज म्हणाले! तुमच्या गल्लीची. म्हणजे काय हो? आमची गल्ली नाशकात नाही? आमच्या गल्लीवरून सूर्य जात नाही? बरं, घाटातल्या वाड्या तरी आमच्या गल्लीसारख्या असतील की तुमच्या सोसायटीसारख्या? तिथे पेटीचं बटण कोण दाबणार आहे? बाप्ये कामाला गेलेले, पोरं शाळेत, घरात कोण असतं? म्हातारीच असते ना? त्या दिवशीही मी तोंडाने ‘बरं सर’ म्हणाले आणि रेकॉर्डर कपाटात ठेवला. सर वाईट नाहीत, हाच तर त्रास आहे. पोटच्या पोरीसारखं मला वागवतात. माणूस वाईट असला म्हणजे भांडायला सोपं जातं.

पण ‘काढून टाक’ डोक्यातून जाईना. घरी आले तर आई भाजी निवडत बसलेली, पिवळी पानं बाजूला टाकतेय, मला तेही बघवेना. “काय गं, थोबाड का पाडलंय?” ती म्हणाली. तुला काढून टाकायला सांगितलंय, आई, असं सांगू? जेवताना मी तिच्याकडे बघत राहिले. ती बोलत होती, गळ्याच्या शिरा ताठत होत्या, शब्दाच्या आधी एक छोटी खर्र, मग शब्द. मला सगळं कळत होतं. शेजारणीला कळतं, दूधवाल्याला कळतं, मांजराला कळतं. एवढ्या शिकलेल्या यंत्रालाच तेवढं कळत नाही, आणि नापास कोण, तर आई. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि तिथेच, भाकरी मोडता मोडता, मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं, “गुरुवारी प्रत्यक्ष बोलून दाखवायला शुभांगीऐवजी एखादी खेड्यातली बाई आणली तर?” सर खूश. “वा! काय छान सुचलं गं तुला. अधिकाऱ्यांवर मोठी छाप पडेल.” पडेल, पडेल. मला त्यांना तोंडघशी पाडायचं होतं, कशाला लपवू? गुरुवारी अधिकाऱ्यांच्या देखत आई त्या पेटीवर बोलेल, पलीकडे फुसफुस येईल, आणि मग माझे दोन महिने मला मिळतील. घाटातल्या बायकांना ऐकू येणारी पेटी मिळेल. मी आईला एवढंच म्हटलं, “माझ्या ऑफिसात मशीनवर बोलायचंय. चलशील?” ती म्हणाली, “त्याला काय झालं? चलते की.”

गुरुवारी तिने ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं, केसांना पाणी लावून चापूनचोपून बसवले. आमच्या लॅबमध्ये पंखे बंद, पडदे ओढलेले, पेढ्यांचं खोकं टेबलावर. अधिकाऱ्यांतले मोठे साहेब दुसऱ्या पेटीसह मागच्या खोलीत, मधलं दार बंद, पण त्यांचं बोलणं स्पीकरवर आम्हाला ऐकू यावं अशी सोय मीच केली होती. इतर दोघे-तिघे आमच्या बाजूला खुर्च्यांवर. आईला मी बटण दाखवलं, म्हटलं, “समज, वाडीत बाई अडलीय, तालुक्याला सांग.” तिने बटण दाबलं. “हालो. मी नवसाबाई बोलते. आमच्या हितं बाई अडली हाय वो...” तिचा आवाज, खरखरीत, माझा जन्मापासूनचा. मग स्पीकरवर साहेब म्हणाले, “काय? काही कळत नाही. नुसती हवा येतेय. पुन्हा बोला.” ज्ञानेश सरांनी खिशातून रुमाल काढला. खुर्च्यांवरचे एकमेकांकडे बघू लागले. आणि माझ्या छातीत, खोटं का बोलू, एक गोड कळ उठली. कळू दे. कळू दे यांना एकदाचं. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. सरांच्या रुमालाकडे, माझ्याकडे, पुन्हा सरांकडे. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे. तिने पदर सारखा केला, मान ताठ केली, हनुवटी थोडी वर उचलली. आणि बटण दाबलं.

“हॅलोऽ साहेब, मी नवसाबाई बोलतेय. आमच्या वाडीत एक बाई अडली आहे. लवकर गाडी पाठवा, साहेब.”

पातळ, उंच, गुळगुळीत आवाज. एक खर्र नाही, एक तडा नाही. हाय नाही, आहे. मला पहिल्यांदा कळेचना की कोण बोललं. आणि मग कळलं. हा बंगल्यावरचा आवाज! बाजारात भाजी उरली की ती टोपली घेऊन गंगापूर रोडच्या बंगल्यांवर जायची, आणि फाटकाशी उभी राहून ह्या आवाजात म्हणायची, “ताईऽ, मेथी आणली आहे, कोवळी आहे.” मी तिचं लुगडं धरून शेजारी उभी असायचे आणि दर फाटकाला मला नवल वाटायचं की ही बाई कुठून येते? आईच्या खऱ्या आवाजाला कुत्रं सोडायचे ते लोक. हा आवाज ऐकला की म्हणायचे, ये, आत ये, ठेव. तो आवाज ती घशाच्या कुठल्या कोपऱ्यातून काढायची कोण जाणे, पण दहा-बारा फाटकं झाली की घरी येऊन कोमट पाण्याच्या गुळण्या करायची आणि अंधार पडेपर्यंत खुणांनीच बोलायची. पोळी वाढू का, तर बोट दाखवायची. तो आवाज आमच्या घरात कधी आला नाही. वडिलांशी नाही, माझ्याशी नाही, देवाशीसुद्धा नाही. आणि आज तो माझ्या यंत्रासाठी आला होता. “उत्तम!” साहेब स्पीकरवर म्हणाले, “शब्द न् शब्द कळला. बाई अडली आहे, गाडी पाठवा. बरोबर?” दार उघडून ते टाळ्या वाजवतच बाहेर आले. खुर्च्यांवरच्यांनीही वाजवल्या. आई दोन्ही हात जोडून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून हसली, परीक्षेत मला बरे गुण मिळाले म्हणजे हसायची तशी.

ज्ञानेश सरांच्या आनंदाला तर पारावार राहिला नाही. “बघितलंस? प्रश्न यंत्राचा नव्हताच. पहिल्यांदा बोलल्या तेव्हा काय झालं, आणि नीट बोलल्या तेव्हा काय झालं! बोलणाऱ्याला शिकवलं पाहिजे. आपण असं करू, प्रत्येक पेटीबरोबर एक कॅसेट देऊ. पेटीवर कसं बोलावं. ह्याच बाईंच्या आवाजात.” साहेब म्हणाले, फार छान, बायकाच बायकांना शिकवतील. मी म्हटलं, “सर, ही माझी आई.” “काय सांगतेस! मग आधी नाही का सांगायचं? घ्या, पेढे घ्या ताई.” “आणि सत्तावीस नंबर हीच आहे.” सर हसले. खरंच हसले, विनोद झाल्यासारखे. “छे गं! मी दोन्ही आवाज ऐकलेत ना. तो आवाज कुठे, हा कुठे. काहीतरी घोळ झालाय तुझा नंबर टाकताना.” दोन वर्षं हा माणूस आवाजाचं पोस्टमॉर्टेम करतोय, आणि एका बाईच्या गळ्यात दोन आवाज असू शकतात हे त्याच्या डोक्यातच शिरत नाही. कारण त्याला आयुष्यात कधी दुसरा आवाज काढावाच लागला नाही.

घरी परतताना रिक्षा द्वारकेच्या चौकात अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक, धूर, हॉर्न. मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन आई बसली होती. “तुला कुणी सांगितलं होतं आवाज बदलायला?” मी एकदम ओरडले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. आईचा घसा एव्हाना बसला होता, ती माझ्या कानाशी आली. “तुझं मशीन ऐकंना माझं. एवढे सायेब लोक बसल्याले. तुझी फजिती झाली आसती.” “मला तीच हवी होती! तुझ्या आवाजात बोलायला आणलं होतं मी तुला, यांना दाखवायला, की ह्यांच्या पेटीला माणूस ऐकू येत नाही!” मांडीवरच्या पुड्याची दोरी ओढत ती म्हणाली, “मग आधी सांगायचं व्हतं. मला वाटलं, तुला पास व्हायचंय.” संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्यावर नव्हता तो संताप, आणि होताही. सरांवर होता, टाळ्या वाजवणाऱ्यांवर होता, त्या फाटकांवर होता. आणि तिच्यावरही होता, की इतकी वर्षं का काढलास तो आवाज, कुणासाठी, कुत्रं सोडलं तर सोडू द्यायचं होतं! पण मेथी कोणी घेतली असती, आणि माझी फी कोणी भरली असती? “आता घाटातल्या बायकांना कॅसेट वाजवून दाखवणार ते,” मी म्हटलं, “असं गोड बोला, तरच गाडी येईल. आई, खरं सांग. घरात बाई अडली, रक्त थांबत नाही, तर तिची सासू असं बोलेल का?” “नाय,” ती म्हणाली. “ती बोंबलंल.” घरी आल्यावर पुडा तिने गल्लीतल्या पोरांना वाटून टाकला, स्वतः एक पेढा खाल्ला नाही.

चाचणीच्या अहवालावर माझी सही लागते. ती मी केली नाही. दोन दिवस तो अहवाल माझ्या टेबलावर तसाच पडून होता, आणि सर येता-जाता विचारत होते, झाली का गं, झाली का. मी म्हटलं, सत्तावीस नंबर धरून आकडा काढा, मग करते. “अगं, हट्ट काय हा लहान मुलीसारखा,” ते म्हणाले. अजूनही प्रेमानेच. मला वाटलं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी मी कणीक मळत होते. फोन वाजला. माझे हात भरलेले, म्हणून आई उठली. गुरुवारपासून तिचा घसा नेहमीपेक्षा जास्तच बसला होता. “हालो... हां, बोला... मीच बोलते.” थांबली. “अवो मीच. मीच नवसाबाई.” पुन्हा थांबली. मग तिने रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. पाटावर बसल्या बसल्या मला सरांचा आवाज ऐकू येत होता, आनंदी, मोठा. “अहो काका, थट्टा करू नका, नवसाबाईंना द्या ना जरा. कॅसेटचं ठरवायचंय.” आई माझ्याकडे वळली. “तुझं सर हायत,” ती म्हणाली. “मी म्हनते मीच हाय. ते म्हनत्यात, काका, बाईला द्या.” तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी सोसलं असतं. एखाद्या दुकानातून बाहेर काढल्यावर माणूस जसा उगाच आपल्या कपड्यांकडे बघतो, तशी ती बघत होती. साधा टेलिफोन, चांगली लाइन, आवाज सगळा जात होता, एक खर्रसुद्धा गाळली जात नव्हती. तरी नाही. आणि मग मी पाहिलं, तिचा हात गळ्याकडे गेला. तिने मान ताठ केली, हनुवटी वर उचलली.

“नको!” मी ओरडले. कणकेच्या हातानेच उठून मी रिसीव्हर घेतला. पलीकडे सर “हॅलो, हॅलो, कोण आहे?” करत होते. मी बोलणार होते, दोन वर्षांचं सगळं एका दमात त्यांच्या कानात ओतणार होते, शब्द ओठांवर आले होते. मग वाटलं, म्हणजे पुन्हा मीच बोलणार. पुन्हा स्वच्छ, शिकलेला, यंत्राला कळणारा आवाज. मी रिसीव्हर परत तिच्या हातात दिला. कणीक लागलेल्या बोटांनी तिची बोटं त्याच्याभोवती मिटवली. “तो आवाज काढायचा नाही, आई. हाच. त्यांना कळेपर्यंत बोल.”

आईने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग भिंतीला टेकून खाली बसली, पाय लांब केले, रिसीव्हर कानाला लावला.

“सायेब,” ती म्हणाली, खरखरीत, तुटक, अर्धी हवा अर्धा कंठ, “नवसाबाई बोलते. तुमी फोन ठिवू नका. मी बी ठिवत नाय.”